ग्वाल्हेरची धावपट्टी मे महिन्यात किती उंच?

ग्वाल्हेरच्या महाराजपुरा विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 600 फूट उंचीवर आहे. पण मे महिन्यात भर दुपारी, लू वाहत असताना, विमानाच्या दृष्टीने तीच धावपट्टी जवळजवळ महाबळेश्वराच्या उंचीवर जाऊन बसते. ही अतिशयोक्ती नाही, साधा हिशेब आहे. तुमच्यापैकी कोणाला वैमानिक व्हायचे असेल तर तो आतापासूनच हाताखालून गेलेला बरा.

विमानाच्या सगळ्या तक्त्यांमागे एक कल्पित हवा असते, तिला म्हणतात प्रमाण वातावरण. वैमानिकांच्या बोलण्यात ‘आयसा’. या हवेत समुद्रसपाटीला तापमान 15 अंश सेल्सियस आणि दाब 1013.25 हेक्टोपास्कल. दर हजार फुटांना तापमान साधारण 2 अंशांनी उतरते, ते 36,000 फुटांच्या आसपास उणे 56.5 वर थांबते. मध्य अक्षांशांच्या थंड प्रदेशांतली ही सरासरी. ग्वाल्हेरच्या उन्हाशी तिचे फारसे जमत नाही.

आता हिशेब. 600 फुटांवर प्रमाण तापमान 15 वजा 1.2, म्हणजे साधारण 14. बाहेर 45 अंश असतील तर फरक 31. वैमानिक याला ‘आयसा प्लस 31’ म्हणतो. प्रत्येक जादा अंशामागे विमानाला धावपट्टी सुमारे 120 फूट अधिक उंच वाटते. 31 गुणिले 120 म्हणजे 3,720, त्यात मूळचे 600 मिळवा: 4,320 फूट. महाबळेश्वर सुमारे 4,400 फुटांवर आहे. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे हवेचा दाबही 1013 पेक्षा बराच कमी असतो, तो धरला तर आकडा आणखी काहीशे फुटांनी वाढतो.

याचा परिणाम थेट उड्डाणावर होतो. तापलेली हवा सुमारे दहा टक्के विरळ होते. पंखांना तेवढीच उचल मिळवायला जास्त वेग लागतो आणि नेमका त्याच वेळी इंजिनाचा जोर घटतो. धावपट्टी मात्र आहे तेवढीच. मग वजन कमी करावे लागते: इंधन, सामान, प्रसंगी प्रवासी. ‘विमान रिकामे दिसत होते, तरी बॅग मागे ठेवली’ अशी तक्रार उन्हाळ्यात ऐकू येते, तिच्यामागे कधी कधी हे गणित असते. जून 2017 मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात पारा 48 च्या घरात गेला, तेव्हा लहान जेट विमानांची कितीतरी उड्डाणे रद्दच झाली.

जानेवारीतल्या पहाटे 5 अंश असतील तर फरक उणे 9. तेव्हा हीच धावपट्टी हिशेबात समुद्रसपाटीच्याही खाली उतरते आणि विमान खुशीत उडते. पण थंडीत दुसरीच काळजी असते. उंचीमापक प्रमाण हवा गृहीत धरतो, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत विमान दाखवलेल्या उंचीपेक्षा खाली असते. डोंगराळ भागात ही चूक महागात पडते. मला तर उन्हाळ्यापेक्षा हीच अधिक धोक्याची वाटते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही.

आज दुपारचे तापमान पाहा आणि करून बघा. ग्वाल्हेरकरांनी त्यातून 14 वजा करावेत, पुणे आणि इंदूरकरांनी 11, मुंबईकरांनी 15.