सापळ्याची किंमत

जुन्या घराच्या वाटण्या सुरू झाल्या की आधी जमिनीचे बोलणे होते, मग दागिन्यांचे, मग तांब्यापितळेच्या भांड्यांचे. माळा सगळ्यांत शेवटी झाडला जातो. त्यातून मोडके पाळणे, काचा तडकलेले कंदील, वजनाची मापे असे काहीबाही निघते, आणि कधीकधी एखादा लोखंडी सापळा. उंदराचा नव्हे, बिबळ्याचा, कोल्ह्याचा किंवा रानडुकराचा. हा विषय काढला की चार माणसांत एकजण तरी 'आमच्याकडेही आहे एक' असे म्हणतोच. पूर्वी भंगारवाला तो किलोवर घेऊन जाई. आता भावंडांपैकी कोणीतरी मोबाइलवर तसलेच चित्र शोधून काढतो, खाली डॉलरमध्ये लिहिलेला आकडा मोठ्याने वाचतो, आणि वाटणीची बैठक एक दिवस लांबते.

आमच्याकडे नेमके हेच झाले. राजापूर तालुक्यात खाडीकाठी आमचे गावचे घर आहे. तिथे भाताच्या कणगीमागे सापळा पडून होता. दोन्ही बाजूंना दुमडलेल्या पोलादी पट्ट्या, मध्ये दातेरी जबडे, जबड्यांच्या पोटात गोल तबकडी आणि दोन हात साखळी. पुण्याच्या चुलतभावाने जाहीर करून टाकले, की हा अमेरिकन 'न्यूहाउस' आहे, अस्वलाचा, आणि त्याला हजार डॉलर सहज येतात. तारण वस्तूंची मूल्यांकने तपासण्यात माझी बँकेतली बरीच वर्षे गेली. त्यामुळे 'अण्णा सांगतील तो आकडा' यावर सगळ्यांचे एकमत झाले. वाटणीत एकमत होण्याचा तो बहुधा एकमेव प्रसंग.

न्यूहाउस या नावाचा एवढा दबदबा का, हे सांगायला हवे. ही कथा एखाद्या कादंबरीकाराने रचली असती तर संपादकाने ती अतिरंजित म्हणून परत केली असती. स्यूअल न्यूहाउस हा न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा भागातला कारागीर. १८२० च्या दशकात, विशीच्या आतबाहेर असताना, तो हाताने सापळे घडवून विकू लागला. १८४८ साली जॉन हम्फ्री नॉइज नावाच्या धर्मोपदेशकाने त्या भागात एक वसाहत स्थापन केली. मालमत्ता सगळ्यांची सामाईक, आणि विवाहही सामाईक. वसाहतीतला प्रत्येक पुरुष प्रत्येक स्त्रीचा पती मानला जाई. न्यूहाउस या मंडळींत सामील झाला. पृथ्वीवर स्वर्ग आणायला निघालेल्या या वसाहतीचा प्रपंच पुढे मुख्यत्वे जनावरांचे पाय धरणाऱ्या सापळ्यांच्या विक्रीवर चालला. १८६५ मध्ये सापळे कसे लावावेत याचे न्यूहाउसच्या नावाचे पुस्तकही निघाले. १८८१ मध्ये वसाहत मोडली आणि तिची भागभांडवलाची कंपनी झाली. या कंपनीने नंतर काट्याचमच्यांत नाव कमावले, आणि सापळ्यांचा धंदा १९२५ साली विकून टाकला. ज्या हातांनी अस्वलाचे जबडे घडवले त्यांच्याच वारसांनी अमेरिकेच्या जेवणाच्या टेबलावर चमचे मांडले.

न्यूहाउस सापळ्यांना क्रमांक असत, शून्यापासून सहापर्यंत. अगदी लहान तो घुशीएवढ्या जनावरांसाठी. पाच क्रमांकाचा अस्वलासाठी. आणि सहा क्रमांकाचा सगळ्यांत मोठा, ४२ पौंडांचा, म्हणजे सुमारे १९ किलोंचा. तो वाघ-सिंहांनाही चालतो असे कंपनीच्या सूचिपत्रात छापलेले असे. चुलतभावाचा सगळा भरवसा या एका ओळीवर होता.

सोने तपासणारा जाणकार दागिना हातात आला की आधी तोलतो आणि मग उलटा करून मागची बाजू बघतो. पुढची बाजू गिऱ्हाइकासाठी असते. सापळ्याचेही तसेच. नाव किंवा क्रमांक असलाच तर तबकडीवर, पट्टीवर किंवा पट्टीच्या आतल्या अंगाला ठसवलेला असतो, आणि तो गंजाखाली गेलेला असतो. भावाने तारेचा ब्रश लावलेले ग्राइंडर आणून ठेवले होते. ते मी प्रथम बाजूला करवले. जुन्या लोखंडावरचा काळपट थर हाच त्याच्या वयाचा दाखला. तो खरवडला की ठसा पुसट होतो आणि वस्तू चकचकीत, म्हणजे संशयास्पद, होते. रॉकेल, मऊ फडके आणि दोन दिवसांचा धीर एवढे पुरते. त्यानंतर ठशावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासायची. शाळेत नाण्यांचे छाप काढायचो तसे.

वजन भरले साडेअकरा किलो. कागदावर उमटली ती अक्षरे अमेरिकन नव्हती. अर्धे नाव गंजाने खाल्ले होते, पण गावाचे नाव लागले: वेडन्सफील्ड.

वेडन्सफील्ड हे इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनजवळचे गाव. आपल्याकडे एखादे गाव अडकित्त्यांसाठी नावाजलेले असते, तसे हे गाव सापळ्यांसाठी. साइडबॉथम, हेन्री लेन ही तिथल्या कारखानदारांची नावे. सशापासून वाघ-सिंहांपर्यंत सगळ्यांचे माप तिथे होते, आणि माल साम्राज्यभर जाई. या सापळ्याला इंग्रजीत 'जिन' म्हणतात. तो शब्द 'एंजिन'चाच तुकडा आहे. इंग्लंडचे जमीनदार आपल्या रानात चोरून शिकार करणाऱ्या गरिबांसाठी माणसांचे सापळेही लावत. ते १८२७ मध्ये कायद्याने बंद झाले. जनावरांचा जिन बंद व्हायला तिथे १९५८ उजाडले.

खरेखोटे ओळखण्याची गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण अस्वलाचे मोठे सापळे हल्ली शोभेसाठी नव्याने बनतात आणि जुने म्हणून विकले जातात. जुन्या कामात सांधे रिव्हेटचे किंवा भट्टीत ठोकून एकजीव केलेले असतात. विजेच्या वेल्डिंगची मण्यांसारखी रेघ दिसली की वय लगेच कळते. मीठ-आम्लाचा गंज सगळीकडे सारखा आणि तांबूस असतो. खरा गंज सांध्यात खोल आणि हाताळणीच्या जागी गुळगुळीत असतो. तबकडीचा खटका आणि त्याची खाच एकमेकांवर घासून झिजलेली असायला हवीत. मात्र हे बघण्यासाठी सापळा ताणून पाहू नये. शंभर वर्षांची पट्टी एकतर तुटते किंवा तुटत नाही, आणि दुसरी शक्यता जास्त वाईट.

दातही मोजावेत. एखादा दात नसला तर भाव उतरतो, आणि कधी त्याहून जास्तही काही जाते. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबळ्यासाठी जिम कॉर्बेटने जो जिन लावला होता तो पाच फूट लांब, ८० पौंडांचा, तीन इंची दातांचा होता. जबडे दाबायला दोन धट्टीकट्टी माणसे लागत. बिबळ्या त्यात सापडलाही. पण एक दात आधीच तुटलेला होता, पाय नेमका त्या फटीत आला आणि जनावर निसटले. ते मेले मे १९२६ मध्ये, तेव्हा त्याच्या नावावर १२५ माणसे होती.

आता किंमत. ससे धरायचे साधे इंग्लिश जिन इतके निघाले, की ते तिकडे किरकोळ पैशांत मिळतात. मोठ्या जनावरांचे कमी, म्हणून महाग. अस्वलाच्या खऱ्या न्यूहाउसला शेकड्यांनी डॉलर येतात, कधी हजाराच्या वरही. आमच्या सापळ्याला इंग्लंडमध्ये काही शे पौंड मिळाले असते. पण तो इंग्लंडमध्ये नाही, ही मुख्य अडचण. तारणाच्या मूल्यांकनात वस्तू कुठे विकता येईल हा पहिला प्रश्न असतो, आणि हौशी माणसे तोच शेवटी विचारतात. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. ती पुरावस्तू नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आणावा लागतो. म्हणजे म्हातारा झाला म्हणून मोल, आणि म्हातारा झाला म्हणूनच बाजार बंद. त्याच १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्र या शब्दाच्या व्याख्येत सापळे आणि फासही येतात. ही काही कागदी भीती नव्हे. एप्रिल २०१२ मध्ये ताडोबाजवळ पळसगाव भागात दोन वाघ अशाच लोखंडी जबड्यांत अडकले आणि त्यांतला एक मेला. चालू स्थितीतला सापळा कोणाच्याही हाती विकत देणे मला मान्य नव्हते. पट्ट्या सोडवून निकामी करावा असे मी सांगितले. तसे केले की संग्राहकाच्या लेखी निम्मी किंमत गेली, हेही सांगितले.

एक गोष्ट मला या सगळ्या बाजारात खटकते. या मुलखात सापळ्याची खरी विद्या होती ती फासेपारध्यांकडे. घोड्याच्या केसांचे आणि तातीचे फास, पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून रानातल्या तितराला बोलावणे, हे कसब कुठल्याही पोलादी पट्टीपेक्षा बारीक. त्यांचे नावच फासावरून पडले. पण १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याचा मार्ग मोकळा झाला त्यांत पारधीही आले, आणि १९५२ पर्यंत तो शिक्का राहिला. त्यांचे फास कुजले, नाहीतर पंचनाम्यात जमा झाले. खोताच्या माळ्यावरचा सापळा वारसा ठरतो. पारध्याच्या झोपडीतला फास मुद्देमाल.

आजोबा खोत होते, हे ओघाने आलेच. त्यांच्या रोजकीर्दीच्या वह्या घरी आहेत. १९२३ च्या वहीत 'लोखंडी सापळा १, मुंबईहून' अशी नोंद आणि पुढे रक्कम आहे. चुलतभाऊ हरखला. कागद असला की वस्तूचा भाव चढतो, हे त्याने वाचले होते आणि ते खरेही आहे. मी पुढच्या वह्या चाळल्या. चार वर्षांनंतर एका पावसाळी महिन्यात दुसरी नोंद सापडली. एका कुळाच्या नावापुढे लिहिले आहे: 'आगरातील सापळा. पायाबद्दल भात दोन मण. एक साल खंड माफ.'

त्या कुळाला मी लहानपणी पाहिलेले नाही, पण गावात त्यांच्या लंगडण्याबद्दल सगळ्यांना माहीत होते. आमच्या घरची हकिगत अशी, की बिबळ्या कुत्री नेत होता म्हणून आजोबांनी सापळा लावला आणि अंधारात चुकून माणसाचा पाय पडला. १९५७ च्या कृषक दिनानंतर जमीन त्या कुटुंबाच्या नावावर झाली. त्यांचा नातू माझ्याच वयाचा आहे, एसटीतून निवृत्त झालेला. मी त्याला बोलावून नोंद वाचून दाखवली. चुलतभावाला ते पटले नव्हते; घरातली वही बाहेर कशाला, असे त्याचे म्हणणे.

नातवाने नोंद दोनदा वाचायला लावली. मग म्हणाला, "अण्णा, आमच्याकडे ही गोष्ट येगळी सांगतात. आगरात वाघ कशाला येईल? त्या साली नारळ चोरीला जात होते."

यावर बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. आगरात बिबळ्या येतो. कुत्र्यांच्या मागे तो आमच्या पडवीपर्यंत आलेला मी ऐकले आहे. पण नारळ चोरीला जातात हेही खरे, आणि वहीत बिबळ्याचे नाव कुठे नाही. बिबळ्या मारला गेला असता तर आजोबांनी ते लिहिले असते, कारण मुंगसाने साप मारल्याचीही नोंद त्यांनी केलेली आहे.

नोंद दाखवून सापळा विकला तर चढा भाव येईल, हे आम्हां सगळ्यांना एव्हाना कळले होते, आणि चढत्या भावातला कुठला भाग कशाचा हेही. चुलतभावाने त्या पानाचा काढलेला फोटो आपणहून मोबाइलमधून पुसला. वाटणीच्या यादीत मी सापळ्यापुढे वजन लिहिले आणि भंगाराच्या दराने रक्कम मांडली. त्यावर कोणी हरकत घेतली नाही. पट्ट्या गावच्या लोहाराने सोडवल्या. सापळा हवा असेल तर न्यावा, असे नातवाला सांगितले. त्याने तो पायाने जरासा सरकवून पाहिला आणि नको म्हणाला. वहीच्या पानाची झेरॉक्स मात्र त्याने मागून घेतली. एक स्वतःसाठी आणि एक मुंबईला मुलाला पाठवायला.