विरहिणीची दिनचर्या : शास्त्र, काव्य आणि सालेकसा परिसरातील धानशेती

विरहिणीच्या मनःस्थितीचा विचार मराठी समीक्षेत विपुल झाला आहे. प्रियकर दूर असताना तिचा दिवस कसा जातो, हा प्रश्न मात्र बहुधा दुय्यम मानला गेला. वस्तुतः विरहाचा आविष्कार कोणते रूप घेईल, हे पुष्कळ अंशी या दिनचर्येवरच अवलंबून असते.

भरताच्या नाट्यशास्त्रातील अष्टनायिकांमध्ये प्रोषितभर्तृकेचा, म्हणजे जिचा पती प्रवासास गेला आहे अशा नायिकेचा, समावेश होतो. काव्यशास्त्र तिच्या ठायी विप्रलंभ शृंगार पाहते. धर्मशास्त्र तिचा आचार ठरवून देते. याज्ञवल्क्यस्मृतीने तिला क्रीडा, प्रसाधन, समाजोत्सवांचे दर्शन, हास्य आणि परगृही गमन वर्ज्य सांगितले आहे. येथे दिनचर्या ही निषेधांची यादी ठरते. काव्यातील विरहिणीची एकवेणी आणि मलिन वस्त्रे हे केवळ भावनेचे नव्हे, तर या आचाराचेही चिन्ह होय.

कालिदासाच्या मेघदूतातील यक्षपत्नी या आचाराच्या चौकटीतच वावरते. वा. वि. मिराशी यांनी यक्षाचा रामगिरी म्हणजे विदर्भातील रामटेक होय, असे मत मांडले. त्या गिरीवरून यक्ष अलकेतील पत्नीचा दिवस कल्पितो : ती वीणा घेऊन बसते, सारिकेशी बोलते, उंबऱ्यावर फुले मांडून शापाचे उरलेले महिने मोजते. हे चित्र हृद्य आहे. परंतु ते दूर असलेल्या पुरुषाने रंगविलेले आहे, आणि त्यातील स्त्रीला विरहाखेरीज दुसरे काम नाही.

महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत चित्र पालटते. स. आ. जोगळेकर यांच्या १९५६च्या आवृत्तीमुळे मराठी अभ्यासकांस सुपरिचित झालेल्या या संग्रहातही दिवस मोजणारी स्त्री भेटते. मात्र तिच्या खुणा भिंतीवर आहेत आणि छपरातून पाणी गळते आहे. ती त्या रेघा तळहातांनी झाकून धरते. उंबऱ्यावरील फुले आणि गळक्या घरातील रेघा यांतील अंतर हे दोन भावनांतील नसून दोन राहणींतील अंतर आहे.

या दुसऱ्या राहणीचा विचार सालेकसा परिसराच्या संदर्भात अधिक स्पष्ट होतो. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यातील हा तालुका जंगलाचा आणि धानाचा. झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी येथे शेजारी नांदतात. धानाची कापणी-मळणी आटोपली की अनेक तरुण मजुरीसाठी बाहेर पडतात. मागे राहिलेल्या तरुणीचा दिवस घरकामासोबत चैत्राच्या सुमारास मोहफुले वेचण्यात, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडण्यात जातो. पाऊस पडला की पऱ्हे टाकायचे, मग बांधीत वाकून रोवणी करायची. प्राचीन काव्यात पांथस्थ पावसाळ्यापूर्वी घरी परततो. येथेही रोवणी हीच परतण्याची वेळ होय. काव्यातील ऋतुसंकेतामागे शेतीचे वेळापत्रक उभे आहे, ते असे.

या तरुणीला शास्त्रोक्त विरहिणी होणे परवडणारे नाही. परगृही जाणे वर्ज्य मानले तर दुसऱ्याच्या बांधीत मजुरी कशी करावी? दिवाळीनंतर गावोगावी भरणारी मंडई आणि तेथील दंडार हे समाजोत्सवच. तेथे जाणे हा नातेसंबंधांचा भाग असतो. विवाह न झालेल्या मुलीची स्थिती अधिकच अवघड, कारण तिला आपले दुःख उघड करण्याची मुभाच नसते. अशा वेळी रोवणीच्या सामूहिक गाण्याला वेगळे महत्त्व येते. सर्वजणींच्या तोंडी असलेल्या गाण्यात हे दुःख नेमके कोणाचे, हे कोणी विचारीत नाही. समूहाचा सूर तिला आडोसाही देतो आणि वाचाही.

आज भ्रमणध्वनीमुळे निरोपासाठी मेघाची गरज उरलेली नाही. परतण्याचा दिवस मात्र अद्याप मजुरी आणि पाऊसच ठरवितात.

म्हणूनच लोकगीतातील विरहिणीला केवळ ‘प्रोषितभर्तृका’ म्हणून वर्गीकृत करणे अपुरे ठरते. त्या वर्गीकरणात तिचे अश्रू येतात, तिचे श्रम गळतात. लोकगीत शिकविताना नायिकाभेदासोबत ते गीत कोणत्या कामाच्या वेळी गायिले जाते, हेही विचारले गेले, तर विरहाचे मराठी रूप अधिक यथार्थपणे उलगडेल.