घरचा तोतया : आप्ताने केलेल्या नावाच्या चोरीसंबंधी एक टिपण

'तोतया' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकास सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेला इसम आठवतो. भाऊ १७६१ साली पानिपतावर पडले. त्यांच्या नावाने वावरणाऱ्यास १७७६ साली पुण्यात देहान्त शासन झाले. तो परका होता. त्यामुळे खरेखोटे ठरविण्यास भाऊंना ओळखणाऱ्यांचा आधार घेता आला. प्रस्तुत टिपणाचा विषय याच्या उलट आहे. ओळख पटविणारा आप्तच जेथे तोतया उभा करतो, तेथे साक्ष कोणाची घ्यावयाची?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही, हे पनवेलनजीकच्या बेलपाडा परिसराकडे पाहिल्यास ध्यानी येईल. आज खारघर वसाहतीत सामावलेल्या या गावाचे नाव २०२३ पासून मेट्रोच्या एका स्थानकास मिळाले आहे. नवी मुंबईसाठी १९७० नंतर या टापूतील शेतजमिनी संपादित झाल्या. जासई येथील १९८४ च्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. पुढे संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. मूळ खातेदार मृत असल्यास त्याच्या वारसांचा प्रश्न उपस्थित होतो. भातशेतीच्या जागी मोलाचा भूखंड आला म्हणजे वारसयादीतील प्रत्येक नावास किंमत येते. येथे कोणा एका कुटुंबाची हकीकत सांगावयाची नसून अशा परिस्थितीत संभवणाऱ्या फसवणुकीची रचना तेवढी मांडावयाची आहे.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मुलगी ही पित्याची प्रथम वर्गातील वारस होय. तिचा हिस्सा घ्यावयाचा तर तिने हक्कसोडपत्र करून द्यावे लागते. परंतु विवाहानंतर ती सासरच्या नावाने नांदते आणि माहेरचे नाव केवळ जुन्या कागदांत उरते. शाळा सोडल्याचा दाखला बहुधा माहेरच्याच ट्रंकेत असतो. अशा वेळी भावाने अन्य स्त्रीस त्या नावाने दुय्यम निबंधकापुढे उभे केले आणि दोघा नातलगांनी ओळख दिली, तर दस्त नोंदविला जातो. पुढे फेरफाराची नोटीस माहेरच्या पत्त्यावर गेली, तर तीही भावाच्याच हाती पडते. अर्थात, ज्या जवळिकीवर कायद्याने भरवसा ठेवला, तीच येथे चोराचे साधन ठरते.

तथापि, एक साक्षीदार कुटुंबाबाहेरचा असतो. नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये २००१ साली झालेल्या दुरुस्तीने दस्त सादर करणाराचे छायाचित्र व बोटांचे ठसे घेणे आवश्यक झाले. ही तरतूद फसवणूक नेहमीच टाळते असे नाही. परंतु तिचा पुरावा ती जपून ठेवते. ठसा नाते ओळखत नाही.

म्हणून पीडितेने प्रथम दस्ताची प्रमाणित नक्कल मिळवावी आणि फेरफारास लेखी हरकत घ्यावी. महसुली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, पण तिने मालकी उत्पन्न होत नाही. दस्ताचा निर्णय दिवाणी न्यायालयाकडेच मागावा लागतो. दस्त रद्द करवून घेण्याच्या दाव्यास, तत्संबंधी वस्तुस्थिती प्रथम कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. फौजदारी मार्ग निराळा. निबंधकापुढील तोतयेगिरीस सात वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे; भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ मध्येही तोतयेगिरीने केलेली फसवणूक दंडनीय आहे. आधार क्रमांकासारखे ओळखचिन्ह विद्युत माध्यमातून लबाडीने वापरले असल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-सी लागू होऊ शकते.

खरी अडचण कलमांची नाही. तक्रार केली तर माहेर तुटते; गप्प राहिले तर मुदत सरते, आणि कालांतराने तेच मौन संमती म्हणून पुढे केले जाते. भावास क्षमा करावी की नाही, हा बहिणीचा अधिकार आहे. परंतु दिवाणी हक्क राखून ठेवल्यानंतरच त्या क्षमेस अर्थ येतो. हक्क सोडावयाचा तर तो तिने स्वतःच्या अंगठ्याने सोडावा. तिच्या नावाने दुसरीने उमटविलेला अंगठा हे दान नव्हे.