बिबळा

बिबळा : (बिजा, सं. असन, बीजक, हिं. विजयसार; लॅ. टेरोकार्पस मार्सुपियम, कुल–फॅबेसी). भारत व श्रीलंका येथे आढळणारा मोठा पानझडी वृक्ष. बल्लारपूरचे लाकूड-आगार सागासाठी प्रसिद्ध आहे. तो साग देणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मिश्र वनांत ऐन, मोह, तेंदू यांच्यासोबत बिबळाही वाढतो. पाने संयुक्त, फुले पिवळी व शेंग चपटी, गोलसर आणि पंखयुक्त असते. सालीला खाच पाडल्यास ‘किनो’ हा लाल डिंक स्रवतो.

मध्यकाष्ठ कठीण व टिकाऊ असते. त्याच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी तपकिरी होते. ते सकाळी पिण्याची प्रथा मधुमेही व्यक्तींमध्ये आहे. लाकडात टेरोस्टिल्बीन व मार्सुप्सिन, तर सालीत एपिकॅटेचिन ही संयुगे आढळतात. यांपैकी टेरोस्टिल्बीन द्राक्षांत व एपिकॅटेचिन चहातही असते.

इन्शुलिनाच्या ठराविक प्रमाणास स्नायू, यकृत व मेद-ऊतक जितका प्रतिसाद देतात, तिला इन्शुलिन-संवेदिता म्हणतात. बिबळ्यातील काही घटकांमुळे संवर्धित स्नायुपेशींकडून ग्लुकोजाचे ग्रहण वाढल्याचे आढळले आहे. तथापि रक्तशर्करा घटली म्हणजे संवेदिता वाढलीच, असे नव्हे. आतड्यातील शोषण मंदावल्याने किंवा इन्शुलिनाचे स्रवण वाढल्यानेही ती घटते. एपिकॅटेचिनामुळे उंदरांच्या स्वादुपिंडातील बीटा कोशिका पुन्हा निर्माण होतात, हा १९८० नंतरच्या दशकातील दावा अन्य प्रयोगशाळांत सिद्ध झाला नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चार केंद्रांत घेतलेल्या चाचणीत (१९९८) ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची रक्तशर्करा १२ आठवड्यांत नियंत्रणात आली. परंतु ती खुली चाचणी होती आणि तीत अर्काची मोजलेली मात्रा दिलेली होती. पेल्यातील पाण्यात किती द्रव्य उतरते, हे लाकडाचे वय, पेल्याचा आकार व वापर यांवर अवलंबून असते. पेला जुना होत जातो तसा रंग फिका होतो. म्हणून चाचणीचा निष्कर्ष पेल्याला लागू करता येत नाही.

या पाण्याच्या भरवशावर चालू औषध थांबविणे धोक्याचे आहे. औषधासोबत ते घेतल्यास रक्तशर्करा अवाजवी उतरण्याची शक्यता असल्याने वैद्यांना त्याची कल्पना द्यावी. औषधी मागणीमुळे वृक्षतोडीस चालना मिळत असल्याने बिबळ्याच्या लागवडीकडेही लक्ष देणे आवश्यक आहे. [→ इन्शुलिन, मधुमेह].