धातूच्या गाठी आणि प्रकाश

जुन्या रंगीत दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावरील लाल रंग हा बहुधा युरोपियम या विरल मृदा धातूचा प्रसाद असे. त्याच धातूकडून रसायनशास्त्रज्ञांनी पुढे गाठी मारण्याचेही काम करून घेतले. अमेरिकेतील ‘एमआयटी’त नील्स होल्टन-अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली चार शाखांच्या बहुवारिकाच्या टोकांना टरपिरिडिन हा नायट्रोजनयुक्त रेणू जोडला. युरोपियम व टर्बियम यांचे आयन मिसळताच ही टोके त्यांच्याभोवती गोळा झाली आणि पातळ द्रावाचे जेल बनले. प्रेरणा खडकाला घट्ट चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांची. त्यांच्या तंतूंतही धातूचे असेच बंध असतात.

गंमत पुढेच आहे. हे आयन स्वतः प्रकाश फारच थोडा शोषतात. टरपिरिडिन जंबुपार किरण टिपते आणि ती ऊर्जा आयनाच्या स्वाधीन करते. मग युरोपियम लाल, टर्बियम हिरवा प्रकाश देते. निळा टरपिरिडिनचा स्वतःचा. प्रमाण साधले की तिन्हींचा पांढरा होतो! आम्लाने वा उष्णतेने गाठी सैल पडल्या की रंगही पालटतो. बंधाचा दुबळेपणा एरवी दोष ठरला असता. येथे तोच पदार्थाला बदलाची जाणीव देतो.

अडचण आहे ती कच्च्या मालाची. एप्रिल २०२५ मध्ये चीनने टर्बियमच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. केरळातील चवऱ्याच्या मोनाझाइट वाळूत विरल मृदा धातू आहेत खरे. पण भरणा सिरियम-लँथॅनमचा, युरोपियम-टर्बियम नावापुरतेच.