ग्रीक पुराणकथा आणि वर्ध्याची टकळी

दहा-बारा वर्षांच्या मुलांना ग्रीक देवदेवतांच्या कथा शिकवाव्या काय, असा प्रश्न अनेक पालक विचारतात. रामायण-महाभारत घरीं असतांना परकीं नांवें मुलांच्या माथीं कशाला मारावयाचीं, ही त्यांची शंका. ती रास्त आहे. नांवांची यादी म्हणून या कथा पाठ करून घेतल्या, तर लाभ कांहींच नाहीं. पण त्या शिकविण्याची एक निराळी वाट आहे, आणि ती वर्ध्यावरून जाते.

22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजीं वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. तिच्यांतून नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीनें मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली व सेवाग्रामांत आर्यनायकम् दांपत्यानें ती चालविली. हाताचा उद्योग मध्यें ठेवून त्याच्याभोंवतीं गणित, भूगोल, इतिहास गुंफावे, हें तिचें सूत्र. आतां योगायोग असा कीं, ग्रीक कथांत कांतणें आणि विणणें जागोजाग आढळतें. टकळी फिरविणाऱ्या मुलाला त्या कथा परक्या वाटण्याचें कारण नाहीं. त्या सूत्रास धरून वर्गांत काय करतां येईल, तें सांगतों.

पहिली कथा थीसियसची. क्रीट बेटांतील भुलभुलैयांत बैलाच्या मुंडक्याचा मिनोटॉर राहत असे. त्याला मारावयास निघालेल्या थीसियसला राजकन्या आरिआद्नीनें सुताचें गुंडाळें दिलें, व त्या धाग्याच्या आधारानें तो बाहेर आला. शाळेच्या पटांगणावर चुन्यानें अशी वळणावळणांची वाट आंखावी. मुलांनीं स्वतः कांतलेलें सूत घेऊन आंत जावें. सूत मोजतांना एक तार चार फुटांची धरतात. वाट साठ फूट असेल तर किती तारा लागतील? हिशेबानें पंधरा. पण वळणावर सूत अडकतें, तुटतें, सांधावें लागतें. आणि सुताला पीळ कां हवा, हें मुलाला न सांगतां कळतें. मग विचारावें: चक्रव्यूहांत शिरलेल्या अभिमन्यूजवळ काय नव्हतें?

दुसरी कथा तीन दैवदेवतांची. क्लोथो आयुष्याचा धागा कांतते, लॅकेसिस तो मापते, आणि आत्रोपोस तो कापते. ही कथा सांगून झाल्यावर मुलांना घरीं पाठवावें तें एक काम देऊन: पांचव्या-सहाव्या रात्रीं बाळाच्या कपाळीं लेख लिहिणाऱ्या सटवाईची गोष्ट आजीकडून ऐकून यावी. दुसऱ्या दिवशीं दोन्ही गोष्टी फळ्यावर शेजारीं मांडाव्या. एकीकडे सूत, दुसरीकडे लेखणी. पण माणसाच्या मनांतील भीति एकच. येथें शिक्षकानें एक पथ्य पाळावें. ग्रीकांच्या देवतेला हंसूं द्यावयाचें नाहीं, आणि आजीच्या सटवाईलाहि नाहीं.

तिसरी कथा मात्र जपून हाताळावी. अ‍ॅरॅक्नी ही लिडियांतील विणकर मुलगी. आपण अथीनादेवीहून सरस विणतों, असें ती म्हणाली. स्पर्धा झाली. रोमन कवि ओव्हिड सांगतो कीं, तिच्या कापडांत देवीलाहि खोट सांपडली नाहीं. तरी देवीनें तें फाडलें, तिला मारलें, व शेवटीं तिचा कोळी केला. वर्गाच्या कोपऱ्यांतील कोळ्याचें जाळें मुलांनीं आधीं न्याहाळावें, आणि नंतर या खटल्याचें न्यायालय भरवावें. कांहींनीं देवीची बाजू घ्यावी: गर्व वाईटच. कांहींनीं मुलीची घ्यावी: काम निर्दोष असतां शिक्षा कशाची? निकाल शिक्षकानें देऊं नये.

पालकांच्या शंकेचें उत्तर मला येथेंच दिसतें. परक्या देवीला प्रश्न विचारण्यास मूल कचरत नाहीं. एकदां तो विचारावयास शिकलें, म्हणजे एके दिवशीं जेवणाच्या पानावर तें आपल्या कथेविषयींहि विचारील: एकलव्याचा अंगठा कां घेतला? त्या वेळीं त्याला गप्प करूं नका. उत्तर येत नसेल तर तसें सांगा, आणि त्याच्याबरोबर विचार करावयास बसा. ज्या घरीं हें घडेल, त्या घरीं ग्रीक कथा परकी राहिली नाहीं आणि आपलीहि जुनी झाली नाहीं, असें समजावें.