वायफाय आहे, पण नेट नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये हैदराबादच्या रामंतापूर भागात गोकुळाष्टमीच्या मिरवणुकीतला रथ विजेच्या तारेला लागला आणि पाच जणांचा जीव गेला. त्यानंतर शहरात विजेच्या खांबांवर लोंबणाऱ्या इंटरनेटच्या केबली कापायची मोहीम निघाली. अशी केबल तुटली की चिक्कडपल्लीतल्या कुठल्याही अपार्टमेंटच्या जिन्यात एकच संवाद ऐकू येतो. शेजारी तेलुगूत म्हणतात, "नेट रावट्लेदु", म्हणजे नेट येत नाहीये. आपण मोबाइल पुढे करतो, "पण वायफायच्या काड्या तर सगळ्या दिसतायत!"

दिसणारच. वायफाय म्हणजे इंटरनेट, हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. वायफाय ही फोनपासून कोपऱ्यातल्या डब्यापर्यंतची रेडिओलहरींची वाट, बस्स. आपल्या बोळात रिक्षा फिरतेय म्हणून आरटीसी क्रॉस रोडचा सिग्नल सुटलाय असं होत नाही. डब्याच्या पुढे केबल तुटली असली तरी काड्या पूर्ण राहतात.

त्या डब्याला आपण कधी मॉडेम म्हणतो, कधी राउटर, आणि दोन्ही एकच समजतो. घोटाळ्याचं कारण डब्यातच आहे. एकाच प्लास्टिकमध्ये चार यंत्रं राहतात. फायबरमधून आलेल्या प्रकाशाचे विजेचे संकेत करणारं ओएनटी, घरचं जाळं बाहेरच्या जाळ्याशी जोडणारा राउटर, मागच्या चार भोकांमागचा स्विच, आणि वायफाय पसरवणारा अ‍ॅक्सेस पॉइंट.

मॉडेम हा शब्द टेलिफोनच्या काळातला. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्य लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा संगणकाची भाषा टेलिफोनच्या तारेवरून जाण्यासाठी आवाजात बदलावी लागे; ते काम मॉडेम करायचा. ती किरकिर ज्यांनी ऐकली ते विसरलेले नाहीत. फायबरवर तसं रूपांतर ओएनटी करतं. बोलताना त्याला मॉडेम म्हटलं तरी काही बिघडत नाही, बिघडतं ते खरेदीत. सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून हौसेने महागडा राउटर आणावा आणि घरी कळावं, की फायबरची ती नाजूक पिवळी वायर खोचायला त्याला भोकच नाही! जुना डबा फेकायचा नसतो. नवा राउटर त्याच्या पुढे जोडायचा. मात्र दोघेही राउटरगिरी करायला लागले तर काही गेम आणि ऑफिसची काही कामं अडतात. म्हणून नव्याला 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड'मध्ये ठेवावं किंवा केबलवाल्याला सांगून जुन्याला 'ब्रिज मोड'मध्ये टाकून घ्यावं.

जुना डबा लागतोच, याला अपवादही आहे. काही इमारतींत फायबर गच्चीवरच्या पेटीपर्यंतच येतं आणि पेटीतल्या स्विचमधून साधी नेटवर्क केबल घरात उतरते. तिथे घरात ओएनटी नसतंच, नुसता राउटर पुरतो. पण इमारतीची वीज गेली आणि त्या पेटीला बॅटरी नसली, तर तुमच्या घरच्या यूपीएसचा काही उपयोग नाही.

राउटर नेमकं करतो काय? अपार्टमेंटच्या वॉचमनसारखं काम. बाहेरच्या जगाला इमारतीचा एकच पत्ता माहीत असतो. आत टीव्ही, फोन, लॅपटॉप यांना राउटर बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते देतो, आणि कोणी काय मागवलं होतं ते लक्षात ठेवून आलेला माल ज्याच्या त्याच्या दारात पोचवतो.

स्विचला हे जमत नाही. तो पत्ते वाटत नाही आणि नेट आणत नाही. आठ भोकांचा स्विच घेतला म्हणजे आठ कनेक्शनं झाली किंवा वेग आठपट झाला, असं काही होत नसतं. आहे ते नेट तो तारेने अधिक यंत्रांपर्यंत नेतो. दुकानदार अजूनही त्याला 'हब' म्हणतात, तो शब्द मात्र चुकीचा. हब आला निरोप सगळ्या भोकांतून ओरडून सांगायचा. स्विच कुठल्या भोकावर कोण आहे ते टिपून ठेवतो आणि ज्याचा निरोप त्यालाच देतो. पहिला इथरनेट स्विच १९९० साली बाजारात आणणाऱ्या अमेरिकन कंपनीचं नाव होतं 'कल्पना'. विनोद भारद्वाज तिच्या संस्थापकांपैकी एक. १९९४ साली सिस्कोने ती विकत घेतली.

साध्या स्विचचा एक भाबडेपणा जाणून असावा. सिटी सेंट्रल लायब्ररीच्या आसपास, अशोकनगरच्या गल्ल्यांत, स्पर्धा परीक्षावाल्या मुलांच्या अभ्यासिका आहेत. अशाच एका अभ्यासिकेत झाडलोट करताना कुणीतरी लोंबणारं केबलचं टोक नीटनेटकेपणाने त्याच स्विचच्या रिकाम्या भोकात खोचलं. तेच तेच निरोप गोल गोल फिरत राहिले आणि सगळ्यांचं नेट बसलं. दिवे इतके लखलखत होते, की बिघाड तिथे असेल असं कुणाला वाटेना. अर्धा दिवस गेला.

आता वेग. अँटेना चार असोत की आठ, प्लॅनपेक्षा जास्त वेग मिळत नाही. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंती बऱ्यापैकी ओलांडते पण हळू चालते, ५ ची पळते पण भिंतीला दमते. रिपीटर लोक जिथे सिग्नल नाही त्या खोलीत लावतात. त्यालाच काही ऐकू येत नाही तर तो पुढे काय सांगणार? तो मधल्या वाटेवर हवा. त्याहून चांगलं म्हणजे केबल नेऊन तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट बसवणं. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे घरात अंतराची अडचण नाही. आणि २०० एमबीपीएसच्या प्लॅनवर टेस्टमध्ये आकडा ९५ च्या आसपासच अडत असेल, तर कंपनीशी भांडण्याआधी डब्याचं भोक १०० एमबीपीएसचंच आहे का ते बघा. केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटली तरी हेच होऊ शकतं.

शेवटी एक विनंती. तक्रार नोंदवताना "वायफाय चालत नाही" एवढंच सांगू नका, आधी डब्यावरचे दिवे बघा. 'एलओएस' लाल असेल तर प्रकाशच येत नाहीये. डबा दहा वेळा बंद-चालू करून फायदा नाही, "एलओएस लाल आहे" असं सांगा आणि लाइनमनलाच बोलवा. 'पॉन' स्थिर हिरवा असेल, तर आधी स्वतः एकदा डबा बंद-चालू करून बघा.